घरगुती शाम्पू, जड पाणी आणि न थांबणारी खाज: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण पंचेचाळिशीतल्या एका बाईंचं आहे. त्यांच्या संमतीनं लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. माझं काम प्रसाधनांच्या रसायनशास्त्राशी निगडित आहे, त्यामुळे घरी शाम्पू करू पाहणारी मंडळी सल्ल्यासाठी येत असतात. त्यांच्या अडचणी बहुतेक वेळा एकेकट्या असतात. या प्रकरणात तीन अडचणी एकमेकींत गुंतल्या होत्या, आणि एकीवर केलेला इलाज दुसरीला झाकत होता.

बाईंचे केस खांद्याखाली, थोडे कुरळे, आणि पांढरे दिसू लागल्यापासून नियमित रंगवलेले. बरीच वर्षं त्या दुकानातला एकच शाम्पू वापरत होत्या. मग मानेवर, कानांमागे आणि कपाळावरच्या केसांच्या रेषेवर खाज सुरू झाली. केस धुतल्या धुतल्या काही होत नसे. एक-दोन दिवसांनी त्वचा लाल होऊन खाजायची. हा उशीर तेव्हा कुणाच्या लक्षात आला नाही. सगळ्या प्रकरणात तोच सर्वांत बोलका पुरावा होता.

त्यांनी बाटलीमागचं लेबल वाचलं. पाण्याच्या खालोखाल नाव होतं सोडियम लॉरेथ सल्फेटचं. सल्फेटविषयी त्यांनी बरंच वाईट ऐकलं होतं. त्यातला कर्करोगाचा भाग निराधार आहे. कोरडेपणाचा भाग मात्र खरा आहे: लॉरेथचा जवळचा भाऊ सोडियम लॉरिल सल्फेट त्वचेला इतका हमखास बोचतो की त्वचेच्या दाहाच्या अभ्यासात दाह मुद्दाम निर्माण करायला तोच वापरतात. तेव्हा बाईंचा संशय अगदीच वावगा नव्हता. दुकानातला शाम्पू बंद करून घरीच नैसर्गिक शाम्पू करायचा, असं त्यांनी ठरवलं.

पहिला घरगुती शाम्पू

त्यांनी निवडलेली कृती फार प्रचलित आहे: पातळ कॅस्टील साबण (वनस्पती तेलांपासून केलेला), त्यात कोरफडीचा गर, थोडं नारळाचं दूध, चमचाभर खोबरेल तेल आणि सुगंधासाठी लव्हेंडर तेलाचे थेंब. हलवलं की शाम्पू तयार.

पहिले दोन-तीन वेळा केस हलके, मोकळे वाटले. याचं कारण साधं आहे. आधीच्या शाम्पू आणि कंडिशनरनं केसांवर सिलिकोनचा पातळ थर ठेवलेला असतो. तो नव्यानं चढणं थांबलं की केस निराळे लागतात. बाईंना मात्र हा नव्या शाम्पूचा गुण वाटला. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे खाज कमी झाली. दोन-तीन आठवड्यांत मान स्वच्छ दिसू लागली.

आपला निर्णय बरोबर होता याची त्यांना खात्री पटली ती इथे, आणि पुढची सगळी ओढाताण समजून घ्यायची तर ही खात्री लक्षात ठेवायला हवी. त्यांना खरोखरच फायदा झाला होता. फक्त तो कशामुळे झाला, हे त्यांना कळलेलं नव्हतं.

अडचण कशी वाढत गेली

महिनाभरात केसांची तऱ्हा बदलली. मुळांशी चिकट, टोकांशी राठ. ओले असताना बोटं फिरवली की केस मेणासारखे लागायचे. कंगव्याच्या दातांत करड्या-पांढऱ्या रंगाचा थर जमायचा. गुंता वाढला, आणि रंग आधीच्या मानानं निम्म्या काळातच फिका पडू लागला.

ओळखीतल्या काही जणींनी धीर दिला की हे होणारच. वर्षानुवर्षांचं रसायन केसांतून बाहेर पडतंय, थोडा काळ कळ काढ. बाईंनी कळ काढली, एक आठवडा नाही, बरेच आठवडे.

या सल्ल्याविषयी मला स्पष्ट बोलायचं आहे, कारण घरगुती शाम्पू करणाऱ्यांचं सर्वांत जास्त नुकसान तोच करतो. त्वचेबाहेर दिसणारा केस जिवंत नसतो. तो केराटिन या प्रथिनाचा धागा आहे. त्यात साठलेलं विष बाहेर टाकणारी कोणतीही यंत्रणा नाही. टाळूच्या तेलग्रंथी जास्त धुतल्यामुळे जास्त तेल करू लागतात आणि मग हळूहळू सवय मोडते, या समजुतीलाही भक्कम आधार नाही. कंगव्यावर थर साचत असेल तर तो थर आज, या शाम्पूतून आणि या पाण्यातून येतो आहे. वाट पाहून तो जाणार नाही, वाढेल.

वाट पाहून थकल्यावर बाईंनी स्वतः दुरुस्त्या सुरू केल्या. आधी खाण्याच्या सोड्यानं केस धुऊन पाहिले. चिकटपणा दोन दिवस गेला आणि राठपणा दुप्पट झाला. मग त्यांना समजलं की साबण अल्कधर्मी असतो आणि केसांना आम्लता मानवते. म्हणून त्यांनी शाम्पूच्या बाटलीतच लिंबाचा रस पिळला. बाटलीतलं सगळं फुटलं: वर पांढरट चिकट गोळे, खाली पाणी. शेवटी धुतल्यानंतर व्हिनेगरच्या पाण्यानं केस खंगाळले. केस थोडे मऊ झाले, पण तेलकट.

या तिन्ही प्रयोगांत पुढची दिशा दिसत होती, पण त्यांचा अर्थ लावायला लागणारी एक माहिती त्यांच्याजवळ नव्हती: नळाला कसलं पाणी येतं.

दोन बाटल्यांची चाचणी

बाई भेटायला आल्या तेव्हा त्यांचा प्रश्न होता, 'कृतीत काय कमी-जास्त करू?' मी आधी पाण्याबद्दल विचारलं. त्यांच्या घरी जमिनीतलं, बोअरचं पाणी येत होतं, आणि नळाच्या तोंडाशी पांढरी पुटं धरत होती.

आम्ही केलेली चाचणी कुणालाही पाच मिनिटांत करता येते. दोन स्वच्छ काचेच्या बाटल्या घ्यायच्या. एकीत नळाचं पाणी, दुसरीत तेवढंच डिस्टिल्ड वॉटर. दोन्हींत साध्या पातळ साबणाचे मोजके, सारखे थेंब टाकून जोरात हलवायचं. डिस्टिल्ड पाण्याच्या बाटलीत भरगच्च फेस आला आणि खालचं पाणी नितळ राहिलं. नळाच्या पाण्यात फेस जवळजवळ नाही, पाणी दुधाळ, आणि थोड्या वेळानं काठाला पांढरे कण चिकटले. बाईंनी एक कण बोटावर घेतला आणि म्हणाल्या, 'हेच माझ्या कंगव्यावर असतं.'

मत्स्यालयासाठी मिळणाऱ्या पट्ट्यांवर पाण्याचा जडपणा लिटरला २५० मिलिग्रॅमच्या वर दिसला. रूढ वर्गवारीत १२० च्या पुढचं पाणी जड आणि १८० च्या पुढचं फार जड धरतात. शाम्पूचा पीएच ९ ते १० च्या दरम्यान होता. (पीएच म्हणजे आम्लता मोजणारा आकडा: ७ तटस्थ, त्याखाली आम्ल, त्यावर अल्कधर्मी.)

आता आधीच्या सगळ्या घटना जुळल्या. साबण म्हणजे मेदाम्लांचं सोडियम किंवा पोटॅशियम लवण. जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्या मेदाम्लांना धरून न विरघळणारा चोथा तयार करतात आणि तो केसांवर बसतो. लिंबू पिळल्यावर शाम्पू फुटला, कारण आम्ल मिसळलं की साबण साबण राहत नाही. मेदाम्लं सुटी होऊन तरंगू लागतात. पीएच उतरवलेला साबण ही वस्तू अस्तित्वातच येऊ शकत नाही. कॅस्टील साबणात लिंबू किंवा व्हिनेगर घालायला सांगणारी कोणतीही कृती इथेच बाद करावी. व्हिनेगरच्या पाण्यानं केस तेलकट झाले तेही त्याच कारणानं. कॅल्शियमचा चोथा आम्लात थोडा मोडला आणि सुटी मेदाम्लं केसांवरच राहिली.

रंग उडण्यामागे पीएच होता. डोक्याच्या त्वचेचा पीएच साधारण ५.५ असतो, तर केसाचा पृष्ठभाग ३.६७ च्या आसपास विद्युतदृष्ट्या तटस्थ असतो. त्याच्या वर जसजसं जावं तसतसा केसावरचा ऋणभार वाढतो, केस एकमेकांवर घासतात आणि वरचे खवले उचलले जातात. त्या फटीतून रंग निसटतो. याचा अर्थ दुकानातले शाम्पू या बाबतीत निर्दोष असतात असाही नाही. २०१४ साली ब्राझीलमधल्या संशोधकांनी १२३ शाम्पूंचा पीएच मोजून प्रसिद्ध केला होता. त्यांतले ५.५ किंवा त्याखालचे जेमतेम ३८ टक्के निघाले.

समोर असलेले पर्याय

बाईंना दुकानातल्या शाम्पूकडे परत जायचं नव्हतं. खाज परत येईल ही त्यांची भीती रास्त होती. म्हणून आम्ही सगळेच पर्याय मांडले.

साबणच ठेवायचा आणि पाणी बदलायचं, हा पहिला. पाणी उकळलं की जडपणाचा फक्त बायकार्बोनेटमुळे येणारा भाग जातो. सल्फेट आणि क्लोराइडमुळे असलेला राहतो. शॉवरला लावायचे लहान फिल्टर बहुधा क्लोरीन काढतात, जडपणा नाही; त्यासाठी आयन बदलणारी यंत्रणा लागते. आरओचं पाणी चाललं असतं, पण लांब केस साबण पूर्ण निघेपर्यंत धुवायला ते पुष्कळ लागतं. आणि एवढं करूनही पीएच ९ च्या पुढेच. रंगवलेल्या केसांसाठी मला हा पर्याय पटला नाही. ज्यांच्याकडे पाणी मऊ आहे आणि केस आखूड, न रंगवलेले आहेत, त्यांचं साबणावर बरं भागतं, हेही इथेच सांगते.

हा प्रश्न नवा नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे शाम्पू म्हणजे मुळात साबणच होते, आणि जड पाण्यात केस निस्तेज होण्याची तक्रार सर्वत्र होती. १९३४ मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बलनं ड्रीन हा साबणाऐवजी कृत्रिम डिटर्जंटवर आधारलेला शाम्पू आणला. चोथा न धरणं हाच त्याचा मोठा गुण होता. घरी साबणाचा शाम्पू करणारा माणूस नकळत त्याच्याही मागच्या काळात जातो आणि तेव्हाची अडचण पुन्हा ओढवून घेतो.

सोडा आणि व्हिनेगर आलटून-पालटून वापरणं हा दुसरा पर्याय. त्यावर फार वेळ घालवला नाही. सोड्याच्या द्रावणाचा पीएच ८.३ च्या आसपास असतो. तो साबणापेक्षा सौम्य आहे, पण त्याला मळ धरून ठेवता येत नाही.

तिसरा पर्याय ग्लुकोसाइड हा मळ काढणारा सौम्य घटक विकत आणून घरी मिसळण्याचा. डेसिल ग्लुकोसाइडसारखे घटक वनस्पतिजन्य तेल आणि साखरेपासून बनतात, जड पाण्यात चोथा धरत नाहीत आणि त्वचेला बरेच मवाळ असतात. रसायनाच्या दृष्टीनं मला हा पर्याय चांगला वाटतो. पण विकत मिळणारं मूळ द्रावण फार अल्कधर्मी असतं. ते सायट्रिक आम्लानं मोजून खाली आणावं लागतं. अचूक काटा हवा, पीएच पट्ट्या हव्यात आणि टिकवणारा घटक हवा. शिवाय सौम्य म्हणजे सर्वांना चालणारं असं होत नाही. संपर्कजन्य त्वचादाहावर काम करणाऱ्या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१७ साली याच कुळाला वर्षाचा ॲलर्जीकारक घटक म्हणून निवडलं होतं.

चौथा, रिठा आणि शिकेकाई. त्यांतली सॅपोनिनं फेस करतात आणि तेलकट मळ उचलतात. ती मेदाम्लांची लवणं नसल्यामुळे कॅल्शियमबरोबर साबणासारखा चोथा होत नाही, आणि काढा स्वभावतःच आम्लधर्मी असतो. म्हणजे बाईंच्या दोन्ही अडचणींना हा थेट लागू पडत होता. उणिवाही तेवढ्याच खऱ्या: फेस कमी, डोळ्यांत गेलं तर रिठा भयंकर झोंबतो, जास्त झाला तर केस कोरडे करतो, आणि काढा टिकत नाही.

पाचवा पर्याय मी मुद्दाम यादीत ठेवला: सल्फेट नसलेला, कमी पीएचचा तयार शाम्पू. 'घरचं नाही' एवढ्या कारणावरून तो वगळणं बरोबर नव्हतं.

बाईंनी रिठा-शिकेकाई निवडलं.

पहिली पायरी, आणि परत आलेली खाज

काढा सुरू करण्याआधी केसांवरचा चोथा काढायला हवा होता, नाहीतर नव्या शाम्पूची परीक्षा जुन्या थरावरच झाली असती. चोथा मोडायला कॅल्शियम धरून ठेवणारा घटक लागतो. तयार शाम्पूंत ईडीटीए हे काम करतं. तसा एक शाम्पू आणून एक-दोनदा धुवा, असं मी सुचवलं. बाई कचरल्या. अनेक महिने पाळलेला नियम एका बाटलीसाठी मोडायचा होता. बराच विचार करून त्यांनी लेबलावर सल्फेट नसलेला आणि टेट्रासोडियम ईडीटीए असलेला शाम्पू निवडला.

दोन धुण्यांत कंगवा स्वच्छ निघाला. आणि दुसऱ्या धुण्यानंतर दीड दिवसानं मान आणि कानांमागची जागा पुन्हा लाल झाली.

बाईंचा पहिला निष्कर्ष होता की दुकानातला शाम्पू आपल्याला चालतच नाही. पण या शाम्पूत सल्फेट नव्हतं. मग खाज कशाची? आम्ही जुन्या आणि नव्या बाटलीची लेबलं शेजारी ठेवून एकेक नाव खोडत गेलो. मळ काढणारे घटक वेगळे, सुगंध वेगळा, घट्ट करणारे घटक वेगळे. पाणी आणि मीठ सोडलं तर दोन्हींत समान आणि संशय घ्यावा असं एकच नाव उरलं, तळाशी: मिथाइलआयसोथायझोलिनोन. हा जंतू वाढू न देणारा प्रिझर्व्हेटिव्ह आहे.

ॲलर्जीमुळे होणारा संपर्कदाह लगेच दिसत नाही. साधारण एक ते तीन दिवसांनी उमटतो. साबणात किंवा सल्फेटमध्ये असलेला बोचरेपणा सहसा लवकर जाणवतो. सुरुवातीपासून असलेला तो उशीर इथे कामी आला. बाई त्वचारोगतज्ज्ञांकडे गेल्या आणि पॅच टेस्ट करून घेतली. पाठीवर संशयित घटकांच्या पट्ट्या लावतात, ४८ तासांनी काढतात आणि त्यानंतर एक-दोन दिवसांनी पुन्हा तपासतात. मिथाइलआयसोथायझोलिनोनच्या जागी ठळक प्रतिक्रिया होती. लव्हेंडर तेलाच्या जागी काही उमटलं नाही, तरी बाईंनी ते पुढे वापरलं नाही. सुगंधी तेलांतली लिनालूल आणि लिमोनिनसारखी द्रव्यं हवेत ऑक्सिडीकरण होऊन ॲलर्जी घडवू शकतात, आणि आता एक ॲलर्जी हाताशी असताना दुसरीला वाव द्यायचा नव्हता.

हा घटक काही अपरिचित नाही. वर उल्लेख केलेल्या अमेरिकन संघटनेनं २०१३ साली त्यालाच वर्षाचा ॲलर्जीकारक घटक ठरवलं होतं. युरोपीय संघानं २०१७ पासून अंगावर राहणाऱ्या प्रसाधनांत त्याला बंदी केली आणि २०१८ पासून धुऊन टाकायच्या प्रसाधनांत ०.००१५ टक्क्यांची मर्यादा घातली.

म्हणजे घरगुती शाम्पूनं खाज गेली ती त्यात साबण, कोरफड किंवा नारळ होता म्हणून नव्हे. त्यात हा एक घटक नव्हता म्हणून.

काढा करताना

आता बाईंकडे खरा पर्याय होता: हा घटक नसलेला कोणताही शाम्पू चालला असता. तरी त्यांनी काढ्याचा प्रयोग सोडला नाही, आणि मला ते आवडलं, कारण या वेळी त्या भीतीपोटी काही टाळत नव्हत्या.

ठरलेलं प्रमाण असं: बिया काढलेल्या रिठ्याची टरफलं १० ग्रॅम, शिकेकाईच्या शेंगांचे तुकडे २० ग्रॅम, पाणी अर्धा लिटर. रात्रभर भिजवून सकाळी मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं उकळायचं, कुस्करून मलमलीच्या दुहेरी फडक्यातून गाळायचं. पाणी आरओचं. सुरुवातीला रिठा आणि शिकेकाई समान घेतले होते, तेव्हा फेस छान आला पण टोकं कोरडी पडली; म्हणून रिठा निम्म्यावर आणला. पीएच पट्टीवर ५ च्या आसपास आला.

पूड की काढा, यावर थोडी चर्चा झाली. पूड कोरडी राहिली तर महिनोन् महिने टिकते, हा तिचा मोठा फायदा. पण कुरळ्या केसांत तिचे कण अडकतात आणि ते काढायला पुन्हा भरपूर पाणी लागतं, तेही जड. म्हणून काढा.

पातळ काढा डोळ्यांत ओघळत होता. त्यात घट्टपणासाठी अर्धा टक्का झँथन गम (एक प्रकारचा डिंक) मिसळला की तो हाताळण्यासारखा होतो. गम थेट पाण्यात टाकला तर गुठळ्या होतात. आधी थोड्या ग्लिसरीनमध्ये कालवून मग काढ्यात सोडायचा. तरीही डोकं मागे झुकवून धुणं हाच डोळ्यांचा खरा बचाव.

आणि मग काढा आंबला. बाथरूमच्या फळीवर ठेवलेल्या बाटलीला चार-पाच दिवसांत आंबट वास आला आणि वर साय धरली. हे अटळ होतं. वनस्पतीचा अर्क, साखर आणि पाणी एकत्र असलं की जिवाणू आणि बुरशी वाढणारच, आणि डोळ्यांना दिसण्याच्या कितीतरी आधी ती वाढलेली असतात. ई जीवनसत्त्व किंवा टी ट्री तेलाचे थेंब घातले की शाम्पू टिकतो, असं सर्रास सांगितलं जातं. ई जीवनसत्त्व तेल खवट होणं लांबवतं. जंतूंवर त्याचा उपयोग नाही. सुगंधी तेलाच्या थेंबांनी पाण्यातले जंतू भरवशानं रोखले जात नाहीत, आणि त्वचेला चालेल त्यापेक्षा जास्त तेल घालावं लागतं. बाईंचा आधीचा नारळाच्या दुधाचा शाम्पूही आठवडे-आठवडे फळीवर असायचा. त्यातून संसर्ग झाला नाही हे नशीब.

सोडियम बेंझोएटचा विचार केला. ते पीएच ५ च्या खाली नीट काम करतं, त्याच्या वर झपाट्यानं निष्प्रभ होतं. काढा बरोबर त्या सीमेवर होता. सायट्रिक आम्लानं खाली आणता आला असता. पण दर वेळच्या शेंगा वेगळ्या, अर्क वेगळा, आणि जंतू खरंच रोखले गेले की नाही हे प्रयोगशाळेतल्या तपासणीशिवाय कळत नाही. घरच्या घरी ज्याची खात्री करता येत नाही त्यावर विसंबू नये, असं माझं मत होतं. बाईंनी सोपा मार्ग काढला: काढा गाळून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवायचा, एका धुण्याला लागतील तेवढ्या वड्या आदल्या रात्री फ्रीजमध्ये उतरवायच्या, उरलेलं टाकून द्यायचं. गम वापरायच्या वेळी मिसळायचा.

शेवटचं खंगाळणं लिटरभर आरओच्या पाण्यात एक चमचा साध्या व्हिनेगरचं. पाण्याच्या जडपणामुळे आधीच्या धुण्यात जे काही क्षार केसांवर राहतात ते यानं उतरतात.

परिणाम

खाज गेली ती परत आली नाही. कंगव्यावरचा थर थांबला. रंग साबणाच्या दिवसांपेक्षा बराच जास्त टिकतो. शिकेकाईनं त्याला किंचित काळसर छटा येते, ती बाईंना चालते. गडद ऐवजी फिकट रंग लावणाऱ्यांना कदाचित चालणार नाही.

केस पूर्वीच्या कंडिशनरइतके रेशमी नाहीत. टोकांना त्या धुण्याआधी खोबरेल तेल लावतात. केसांतली प्रथिनं कमी निघून जाण्याच्या बाबतीत खोबरेल तेल खनिज तेल आणि सूर्यफुलाच्या तेलापेक्षा सरस ठरल्याचं २००३ सालच्या एका अभ्यासात दिसलं आहे, त्यामुळे ही सवय साधार आहे. तेल शाम्पूत मिसळण्यापेक्षा आधी लावलेलं बरं. शाम्पूत घातलेलं तेल मळ काढणाऱ्या घटकाचं बळ खातं.

त्यांच्या मुलीनं काढा दोनदा वापरून सोडून दिला. तिचे केस तेलकट आहेत आणि सकाळी तिच्यापाशी वेळ नसतो. ती आता मिथाइलआयसोथायझोलिनोन नसलेला तयार शाम्पू वापरते. प्रवासात बाईही तोच नेतात. दोघींच्या घरात दोन बाटल्या असणं मला योग्यच वाटतं.

वेगळं काय करता आलं असतं

खाजेचं कारण शोधण्याआधी सगळं एकदम बदललं, ही पहिली निसटलेली संधी. शाम्पू बदलताना त्यांनी मळ काढणारा घटक, पीएच, सुगंध आणि प्रिझर्व्हेटिव्ह असं सगळं एकाच वेळी बदललं. मग खाज कमी झाली तेव्हा श्रेय कुणाचं हे कळायला मार्गच उरला नाही. दोन-तीन आठवडे टिकणारी, एक-दोन दिवसांनी उमटणारी खाज असेल तर घरचे प्रयोग नंतर. आधी पॅच टेस्ट.

पाण्याची चाचणी साबणाचा पहिला थेंब केसांवर पडण्याआधी व्हायला हवी होती. कृती सांगणारा माणूस आपल्या नळाच्या पाण्यात केस धुतो, आणि ऐकणारा स्वतःच्या. त्यामुळे एकीला वरदान ठरलेली कृती दुसरीला चोथा देते, यात दोघींचंही खोटं नसतं.

वाट पाहायला मर्यादा हवी होती. दोन-तीन धुण्यांनंतरही कंगवा खराब होत असेल तर थांबावं. डोक्याच्या एकाच बाजूला नवा शाम्पू लावून तुलना करणं हा त्याहून चांगला मार्ग; चार धुण्यांत फरक हाताला कळतो आणि निम्मेच केस त्रास सोसतात.

ईडीटीएच्या शाम्पूबाबत माझं मत आजही तेच आहे. त्या धुण्यानं खाज परत आणली, आणि त्या परत आलेल्या खाजेनंच कारण उघड केलं. पण ज्यांना आधी तीव्र प्रतिक्रिया येऊन गेली आहे, चेहरा किंवा पापण्या सुजल्या आहेत, त्यांनी असा प्रयोग घरी करू नये. लेबलं घेऊन थेट त्वचारोगतज्ज्ञांकडे जावं.

आणि एक गोष्ट शाम्पूबाहेरची. निदान झाल्यावर बाईंनी घरातल्या बाकीच्या बाटल्यांची लेबलं वाचली. भांडी घासायच्या लिक्विडमध्ये तोच घटक निघाला. त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांना कित्येक महिने भेगा पडत होत्या, त्यावर त्या मलम लावत होत्या. लिक्विड बदललं, हातमोजे घातले, आणि बोटं भरून आली. हाच घटक ओल्या पुसण्यांत, द्रव डिटर्जंटांत आणि भिंतीच्या पाण्यातल्या रंगांतही असू शकतो. ताज्या रंगवलेल्या खोलीतल्या हवेनंसुद्धा काहींना त्रास होतो, म्हणून घराला रंग देताना त्यांनी तो घटक नसलेला रंग मागवला.